आडनाव आधी

तेव्हा तिकिटं गुलाबी कागदाची असत.
एक ऑक्टोबरच्या आधीचा आठवडा, नाननिंग स्टेशन,
आणि मी, साखर कारखान्याच्या टर्बाइनसोबत
पाठवलेला माणूस.
टर्बाइनची हमी दोन वर्षांची होती.
माझी कुणी दिली नव्हती.

सबंध देशाला एकाच दिवशी घर आठवलं
की स्टेशनसमोरच्या चौकात
जमीन म्हणून काही उरत नाही.
नुसत्या गाठोड्यांवर गाठोडी,
आणि त्यांच्यावर झोपलेली, अजिबात न रडणारी पोरं.

आधी मशीनकडे गेलो.
पुढच्या मुलीनं ओळखपत्र टेकवलं, टिंग, तिकीट बाहेर.
मी पासपोर्ट टेकवला. उलटा टेकवला.
फोटोचं पान उघडून टेकवला.
मशीन ढिम्म.
मागच्या माणसानं खांद्यावर हात ठेवून
दोन बोटं उभी केली, शेजारी शेजारी:
अकरा. खिडकी अकरा.

अकराची रांग दारातून बाहेर पडून
पपनसांच्या ढिगाला वळसा घालून
पुन्हा आत येत होती.
माझ्यापुढे छिन नावाचा म्हातारा.
नाव नंतर कळलं, आधी कळला त्याचा डबा:
भिंतीच्या रंगाचा, वीस लिटरचा,
आत कपडे, थर्मास, एक प्लास्टिकचा हत्ती.
झाकण लावून तो त्यावर बसायचा.
रांग वीतभर हलली की उठायचा,
डबा वीतभर ढकलायचा, पुन्हा बसायचा.
तासाभरानं त्यानं झाकणावर थाप मारली: बस.
मी बसलो. तो उभा.
संध्याकाळपर्यंत आमची भाषा तीन शब्दांची झाली.
बस. ऊठ. सरक.

खिशात नोंग फेंगम्येईनं लिहून दिलेली चिठ्ठी.
बायसे, तारीख, माणूस एक,
आणि खाली एक लांब ओळ, तिचा अर्थ तिनं सांगितला नाही.
तिची आई म्हणाली होती म्हणे,
सुट्टीत मेसच्या कुलपाकडे बघत बसणाऱ्याला
घेऊन ये जेवायला.

खिडकीतल्या बाईनं चिठ्ठी वाचली,
ती लांब ओळ दोनदा वाचली, मला वाचलं.
मग पासपोर्ट. आडनाव आधी.
एका बोटानं, एकेक अक्षर, वर बघत, खाली बघत.
माझ्यामागे शंभर माणसं माझ्या नावाची लांबी मोजत होती.
हेरवाडकर. विद्याधर. मग बाबा.
बाबांच्या मध्यावर तिच्या रकान्यातली जागा संपली.

तिकिटावर छापून आलं, कुठेही श्वास न घेता,
हेरवाडकरविद्याधरनीळ
कंठ बाहेरच राहिला.

फोनवरही ते असेच.
बरा आहेस ना, जेवलास ना, मग,
आणि मग ठेवूनच देतात.

त्याच्या खाली दोन चिनी अक्षरं होती.
मला कळेनात म्हणून बाई खुर्चीतून उठली,
खुर्चीकडे बोट दाखवलं, हात हलवला:
ही नाही. चालेल?
तिच्या पाठीमागच्या फळ्यावर
गाडीमागून गाडी लाल होत चालली होती.
चालेल म्हटलं. चालेल, चालेल, मराठीतच.

रात्रीची गाडी. दोन डब्यांच्या मधली जागा,
बेसिन, नूडल्सची वाफ, सिगारेटी,
आणि तो रंगाचा डबा.
माझ्याआधी चढून छिननं दाराजवळचा कोपरा धरला होता.
मला पाहून त्यानं झाकणावर थाप मारली.

पहाटे तपासनीस आली, तरुण, डोळे तांबारलेले.
तिकीट दिव्याखाली धरून
ती नाव मोठ्यानं वाचू लागली.
का, कोण जाणे, कंटाळा आला असेल.
हे, र, वा... करत करत नीळपाशी येऊन थांबली,
कागद उलटून पाहिला,
राहिलेलं मागे असेल म्हणून.

कंठ, मी म्हटलं.
तिनं म्हणून पाहिलं. बेसिनजवळच्या बाईनं म्हणून पाहिलं.
छिनला ते जमेना, तो हसत सुटला,
आणि तिकिटाला भोक पाडून
तपासनीस डबा ओलांडून पुढे गेली.

ऊठ, छिन म्हणाला. त्याची पाळी होती.